कोंबड्यांमध्ये नवा नर रुळवताना

प्रश्न : आमच्या परसात ११ गावरान कोंबड्या आहेत. जुना कोंबडा मुंगसाने मारला, म्हणून पिल्ले काढण्यासाठी पाहुण्यांकडून साडेचार महिन्यांचा एक नर आणला. आणला त्याच दिवशी त्याला मोकळा सोडला, तेव्हा तीन-चार कोंबड्यांनी मिळून त्याचा तुरा रक्तबंबाळ केला. गेले पाच दिवस तो सरपणाच्या ढिगामागे बसून आहे आणि दाणे टाकले तरी पुढे येत नाही. नर भित्रा निघाला असे समजून तो परत द्यावा का?
– एक वाचक, ता. पाटण, जि. सातारा

उत्तर : कृपया त्याला परत देऊ नका. साडेचार महिन्यांचा गावरान नर दिसायला कोंबडा वाटला, तरी अंगाने आणि स्वभावाने तो अजून तलंगाच, म्हणजे वयात येणारा कोवळा नरच, असतो. आपल्या कोंबड्या मात्र वयाने मोठ्या आहेत, एकमेकींना ओळखतात आणि आधी दाण्यावर कोणी यायचे, दांडीवर कोणी कुठे बसायचे हे त्यांच्यात केव्हाच ठरलेले आहे. टोचून ठरणाऱ्या या मानाच्या क्रमाचे पहिले शास्त्रीय वर्णन नॉर्वेच्या थोरलाइफ शेल्डेरुप-एब्बे यांनी १९२२ साली प्रसिद्ध केले. कोंबड्यांचे निरीक्षण ते लहानपणापासून करत होते. अशा बसलेल्या घडीत नवा पक्षी आला की त्याची जागा टोचूनच ठरते, आणि पोरसवदा नराला ती सर्वांत खालून सुरू करावी लागते. तो सहा-सात महिन्यांचा होऊन अंगाने भरला की हाच क्रम बहुधा आपोआप उलटतो.

मला अधिक काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. बाहेरचा पक्षी आणल्या दिवशीच कळपात सोडणे फार धोक्याचे असते, कारण मानमोडी म्हणजे राणीखेत रोग वरून धडधाकट दिसणाऱ्या पक्ष्याबरोबरही येऊ शकतो आणि लस न टोचलेला सगळा कळप काही दिवसांत संपवू शकतो. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण दोन ते पंधरा दिवस जातात. म्हणून नवा पक्षी तीन आठवडे वेगळा ठेवावा असे सांगितले जाते. आपल्याकडे संपर्क होऊन गेला आहे, तरीही त्याला आजच वेगळे करावे, त्याचे दाणापाणी स्वतंत्र ठेवावे, आधी कोंबड्यांचे काम उरकून मग त्याच्याकडे जावे आणि दोन्हीकडे हिरवट हगवण, श्वासाची घरघर किंवा मान वाकडी होणे दिसते का याकडे रोज लक्ष द्यावे. कोंबड्यांना आणि त्याला लसी कधी दिल्या होत्या याची चौकशी करून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा सल्ला घ्यावा. पंखांखाली आणि शेपटीच्या मुळाशी उवा आहेत का, हेही याच काळात पाहून घ्यावे. तुऱ्याची जखम पूर्ण सुकू द्यावी, कारण लाल रक्त दिसले की एरवी शांत असणाऱ्या कोंबड्याही टोचू लागतात.

तीन आठवडे निर्वेध गेले की त्याला परसातच, पण जाळीच्या आड, सावलीच्या जागी ठेवावे. आठ-दहा दिवस कोंबड्यांना तो दिसला पाहिजे, त्याचा आवाज ऐकू आला पाहिजे, मात्र कोणाची चोच त्याच्यापर्यंत पोहोचता कामा नये. नंतर सगळ्या ११ जणींत न सोडता, त्यांतल्या दोन गरीब स्वभावाच्या कोंबड्या चार दिवस त्याच्या सोबतीला द्याव्यात. माझ्या अनुभवात या टप्प्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच होत नाही, कारण पुढे मोठ्या कळपात जाताना तो एकटा नसतो. कळपात सोडण्यासाठी सूर्यास्तापूर्वीचा तास निवडावा. दाणे एका जागी न टाकता दूरवर विखरावेत, पाण्याची भांडी दोन ठेवावीत आणि आडोसे असे असावेत की दोन्ही बाजूंनी निसटता येईल. आपला सरपणाचा ढीग भिंतीला टेकलेला असेल तर तिथे तो कोंडीत सापडतो. रात्री अंधारात गुपचूप दांडीवर बसवण्याची रीत अनेकांकडे आहे आणि ती चुकीची नाही, पण सकाळी बंद खुराड्यात त्याला पळायला जागा नसते, तेव्हा फटफटताच दार उघडणार असाल तरच ती अवलंबावी.

पाठलाग, एखादी टोच, पिसे फुलवून समोर उभे राहणे हे चालू द्यावे. रक्त आले किंवा पडलेल्या नरावर टोचणे थांबेना, तरच मध्ये पडावे. एकच कोंबडी वारंवार छळत असेल तर नराऐवजी तिलाच तीन-चार दिवस वेगळे कोंडावे. परत येईपर्यंत तिचा तोरा बराच उतरलेला असतो. या दिवसांत अंडी थोडी कमी झाली तर घाबरू नये.

खाद्याबाबत एक सूचना. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या तयार खाद्यात कॅल्शियम साडेतीन ते चार टक्के असते आणि वाढत्या पक्ष्याला साधारण एक टक्का पुरते. जास्तीचे कॅल्शियम दीर्घकाळ पोटात गेल्यास मूत्रपिंडांना इजा होते. सर्वांना वाढीचे खाद्य देऊन शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा, म्हणजे कोंबड्या आपल्या गरजेपुरता तो खातात.

दाणा चोचीत उचलून खाली टाकत तो कोंबड्यांना बोलावू लागला आणि एक पंख खाली सोडून त्यांच्याभोवती फिरू लागला, की तो रुळला असे समजावे. ११ माद्यांना एक नर पुरेसा आहे. राज्य शासनाच्या तलंग गट (तरुण कोंबड्यांचा गट) वाटप योजनेतही २५ माद्यांबरोबर ३ नर दिले जातात.

प्रश्न : जुना नर काढून दुसऱ्या गावचा नर सोडणार आहोत. खुडूक कोंबडीखाली नव्याचीच अंडी ठेवायची तर किती थांबावे? घरचाच तरुण नर ठेवला तर चालेल का?

उत्तर : कोंबडीच्या शरीरात नराचे बीज दोन-तीन आठवडे टिकून राहते, त्यामुळे जुना नर काढल्यापासून तीन आठवड्यांनंतरची अंडी निवडावीत. घरचा नर बहुतेक कोंबड्यांचा भाऊ किंवा मुलगा असतो. अशा जवळच्या नात्यात अंडी कमी उबतात आणि पिल्ले अशक्त निघतात, म्हणून दुसऱ्या गावचा नर आणण्याचा आपला विचारच योग्य आहे. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने तारीख लिहावी आणि आठवड्यापेक्षा जुने अंडे खुडूक कोंबडीखाली ठेवू नये.