रोज अंगावर बाळगायला सुरक्षित पिस्तूल कोणतं? ट्रिगर कोणत्या प्रकारचा असावा?

तुम्हाला परवाना मिळालाय, पिस्तूल रोज कमरेला असणार आहे, आणि दोघांनी दोन तऱ्हेचे सल्ले दिलेत. एक म्हणतो मॅन्युअल सेफ्टी (हाताने लावायची, गोळी सुटू न देणारी कळ) नसेल तर घेऊच नका, दुसरा म्हणतो सेफ्टी राहू दे, ट्रिगर बघा. मला दुसऱ्याचं जास्त पटतं, पण तोही अर्धंच सांगतोय.

आधी माझीच एक चुकीची समजूत सांगतो. माझी सुरुवात १० मीटर एअर पिस्तुलाने झाली. तिथे नियमाप्रमाणे ट्रिगरचं वजन, म्हणजे तो ओढायला लागणारा जोर, किमान ५०० ग्रॅम असावं लागतं, २५ मीटरच्या पिस्तुलाला १००० ग्रॅम. इतक्या हलक्या ट्रिगरची बोटाला सवय लागली की बाकी सगळं बैलगाडी वाटतं. डबल अ‍ॅक्शन पिस्तुलाचा लांब आणि जड ट्रिगर पहिल्यांदा ओढला तेव्हा मी ते बिघडलंय म्हणून परत करायला निघालो होतो. चांगला ट्रिगर म्हणजे हलका ट्रिगर, ही समजूत जायला मला बरीच वर्षं लागली.

रेंजवर नळी समोर असते, गोळी कधी सुटणार ते तुम्हीच ठरवता, आणि मध्येच कुणी धक्का देत नाही. कमरेच्या पिस्तुलाचं आयुष्य निराळं. ते जवळजवळ सगळा वेळ होल्स्टरमध्ये असतं. तुम्ही वाकता, गाडीत बसता, सकाळी ते चढवता, रात्री उतरवता. म्हणून गोळी चालवताना ट्रिगर कसा वाटतो हे मी नंतर बघतो. आधी बघतो, पिस्तूल परत होल्स्टरमध्ये सारताना तो कसा वागेल. नको तेव्हा गोळी सुटायची सगळ्यात मोठी भीती त्याच क्षणी असते, कारण एरवी झाकलेल्या ट्रिगरजवळून तेव्हा कापड, पट्टा, बोट असं काहीबाही सरकत असतं.

एका थंडीत मी रिकामं केलेलं पिस्तूल काढायचा आणि ठेवायचा सराव करत होतो. जॅकेटच्या नाडीला एक प्लॅस्टिकचा मणी होता. ठेवताना तो ट्रिगर गार्डमध्ये (ट्रिगरभोवतीच्या कड्यात) शिरला, मी पिस्तूल खाली दाबलं आणि ‘टक्’ असा आवाज आला. नळीचं तोंड कुठे होतं ते बघितल्यावर मी दहा मिनिटं खुर्चीतून उठलो नाही. पिस्तूल कोणत्या कंपनीचं ते सांगण्यात अर्थ नाही, दोष त्याचा नव्हता. ते स्ट्रायकर असलेलं होतं (हा प्रकार पुढे सांगतो), ट्रिगर अडीचेक किलोचा, म्हणजे अगदी नेहमीसारखा.

आता प्रकारांकडे येतो. आपल्याकडे शब्दांचा घोळ आहे: ‘घोडा’ म्हणजे कुणाला ट्रिगर, कुणाला मागचा हॅमर, आणि गल्लीच्या भाषेत अख्खं पिस्तूलच. म्हणून मी ट्रिगर आणि हॅमर हेच शब्द वापरतो: ट्रिगर बोटाने ओढायचा, हॅमर मागून पिनवर आदळून गोळी उडवतो.

सिंगल अ‍ॅक्शनमध्ये हॅमर आधीच मागे ताणलेला असतो, ट्रिगर त्याला फक्त सोडतो. कोल्टचं १९११ हे पिस्तूल याचं नामांकित उदाहरण. ट्रिगर अगदी थोडा सरकतो आणि स्वच्छ सुटतो, नेमबाजाला मोह पडावा असा. पण मग सगळी भिस्त अंगठ्याच्या सेफ्टीवर आणि मुठीमागच्या ग्रिप सेफ्टीवर येते. ज्यांनी हजारो वेळा सराव केलाय ते ही पिस्तुलं हॅमर ताणून, सेफ्टी लावून वर्षानुवर्षं बाळगतात. पहिलं पिस्तूल म्हणून मी ते कुणाला सुचवणार नाही.

स्ट्रायकरवाल्या पिस्तुलात हॅमर नसतो, आत स्प्रिंगवर ताणलेला दांडा असतो. ग्लॉक १७ ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८२ मध्ये स्वीकारलं, तिथून हा प्रकार जगभर पसरला. ग्लॉकमध्ये स्ट्रायकर अर्धवट ताणलेला असतो, उरलेला ताण ट्रिगर ओढताना भरतो. काही पिस्तुलांत तो पूर्ण ताणलेलाच असतो. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून घेताना हे मुद्दाम विचारा. यांचा फायदा असा की पहिल्या गोळीपासून शेवटच्या गोळीपर्यंत ट्रिगर एकसारखा. तोटा माझ्या नाडीने दाखवलाच.

डबल-सिंगल अ‍ॅक्शन हा माझा आवडता प्रकार. वॉल्टरने १९२९ मध्ये पीपी पिस्तुलात तो आणला, पुढे बेरेटा ९२ आणि झिग पी२२६ यांनी तो घरोघरी नेला. पहिली गोळी हॅमर खाली असताना सुटते. हॅमर ताणायचं कामही ट्रिगरच करतो, म्हणून तो लांब ओढावा लागतो आणि जोरही साधारण साडेचार-पाच किलोंचा लागतो. त्यानंतर स्लाइड (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग) हॅमर ताणून ठेवते आणि पुढचा ट्रिगर निम्म्या वजनाचा होतो. लोक पाच किलोंचं कौतुक करतात, माझ्या मते खरी राखण तो लांब प्रवास करतो. दचकून मूठ आवळली गेली तर पाच किलो काहीच नाहीत. न्यूयॉर्क पोलिसांनी ग्लॉकला मुद्दाम सुमारे साडेपाच किलोंचा ट्रिगर बसवून घेतला होता, आणि जड ट्रिगरने नेम हलतो ही तक्रार त्याच्या मागे कायम लागली. लांब प्रवासात मात्र ‘अरे, काहीतरी अडकतंय’ हे कळायला थोडा वेळ मिळतो. शिवाय होल्स्टरमध्ये ठेवताना अंगठा हॅमरवर ठेवता येतो. ट्रिगरमध्ये काही अडकलं की हॅमर अंगठ्याखाली उठू लागतो आणि हात तिथेच थांबतो. त्या दिवशी माझ्या हातात असं पिस्तूल असतं तर ‘टक्’ झालंच नसतं.

पण डीकॉकर, म्हणजे ताणलेला हॅमर ट्रिगर न दाबता खाली आणणारी कळ, असलेलंच घ्या. मूळ सीझेड ७५ मध्ये तो नाही. गोळी चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला, सुटायच्या जागी) असताना ट्रिगर दाबून हॅमर अंगठ्याने हळूच खाली सोडावा लागतो. मला ते आजही आवडत नाही.

डबल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हरबद्दल थोडक्यात: प्रत्येक गोळीला लांब आणि जड ट्रिगर, यंत्रणा समजायला सोपी, गोळी वाजली नाही तर पुन्हा ट्रिगर ओढायचा. नेम साधायला मात्र घाम निघतो.

मॅन्युअल सेफ्टी असण्यात वाईट काही नाही, पण ती हाताच्या सवयीवर चालते. १९११ची कळ खाली दाबली की पिस्तूल तयार होतं. बेरेटा ९२एफएसची स्लाइडवरची कळ खाली केली की ते सुरक्षित होतं. एकाच माणसाने ही दोन्ही आलटून पालटून वापरली तर घाबरलेला अंगठा कुठे जाईल ते सांगता येत नाही. एकच जात निवडा आणि तिच्याशीच राहा.

मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो फायरिंग पिन ब्लॉक, म्हणजे ट्रिगर पूर्ण ओढल्याशिवाय पिन पुढे जाऊच न देणारा अडसर. जुन्या १९११ मध्ये तो नव्हता, कोल्टने तो १९८३ च्या सुमारास सीरीज ८० मध्ये घातला. टोकारेव्हसारख्या जुन्या लष्करी पिस्तुलात तर हॅमर अर्ध्यावर अडकवून ठेवणाऱ्या खाचेपलीकडे काहीच नाही. तसलं पिस्तूल गोळी चेंबरमध्ये ठेवून बाळगू नका, कितीही सुंदर असलं तरी. आणि नवं आहे म्हणून गाफीलही राहू नका. झिगच्या पी३२० मध्ये ब्लॉक असूनही ते विशिष्ट कोनात पडलं की जड ट्रिगर स्वतःच्या झोकाने मागे जायचा. २०१७ मध्ये कंपनीने हलका ट्रिगर बसवून द्यायला सुरुवात केली. यात वजनाचा अर्थ निराळा: ओढायला जड नव्हे, तो भागच वजनाने जड.

मग तुम्ही काय घ्यावं? डबल-सिंगल, डीकॉकरवालं, पण हात पुरत असेल तरच. पिस्तूल रिकामं करा, नीट पकडा, आणि हॅमर खाली असताना बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर बसतं का बघा. फक्त टोक टेकत असेल तर पहिली गोळी बाजूला जाणार. मग स्ट्रायकरवालं घ्या, कारखान्यातल्या ट्रिगरसकट. स्प्रिंगा बदलून तो हलका करायला कुणी सांगितलं तर तिथून उठून या. चेंबर रिकामं ठेवून बाळगणं हाही नवख्यासाठी लाजिरवाणा पर्याय नाही, फक्त वेळ आली तर स्लाइड ओढायला दुसरा हात मोकळा लागेल.

‘रिकामं’ करताना क्रम चुकवू नका: आधी मॅगझिन (गोळ्यांची पेटी) बाहेर, मग स्लाइड मागे, मग चेंबरमध्ये डोळ्यांनी आणि बोटाने खात्री. उलट केलं तर बाहेर पडलेल्या गोळीच्या जागी मॅगझिनमधली दुसरी येऊन बसते. काही पिस्तुलं साफ करायला खोलताना ट्रिगर दाबावाच लागतो, तेव्हा हीच चूक भोवते.

होल्स्टर पिस्तुलाबरोबरच घ्या, त्याच मॉडेलसाठी बनवलेलं आणि कडक. मऊ, जुनं चामडं दुमडतं आणि त्याची कड ट्रिगर गार्डमध्ये शिरते. रिकामं पिस्तूल आत घालून बाहेरून ट्रिगरच्या जागी अंगठ्याने जोरात दाबून पाहा. ट्रिगर जरासाही हलला तर ते होल्स्टर परत करा. पिस्तूल ठेवताना घाई कसलीच नसते, शर्टाचं टोक दुसऱ्या हाताने बाजूला धरा आणि खाली बघून ठेवा.