सायमाच्या काठी सायकल चालवताना

प्रिय मुली,

फिनलंडमध्ये सायमा सरोवराच्या काठच्या लापेनरांताला पोहोचलीस, सायकल खोक्यातून काढून जोडलीस आणि पहिल्याच शनिवारी लांब फेरी मारून आलीस, हे वाचून फार बरं वाटलं. तू विचारलंयस, "इथे घाट नाहीत, सगळं सपाटच दिसतं, तरी संध्याकाळी मांड्या भरून येतात. असं का?"

कारण सांगतो. आपल्याकडे चढाला नाव असतं. कात्रज, खंबाटकी, वरंधा. तो कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे आपल्याला पाठ असतं. त्याआधी एक केळं खायचं, वर पोहोचल्यावर चहा प्यायचा, असा सगळा हिशोब ठरलेला. फिनलंडच्या या भागात चढाला नाव नाही. दहा-पंधरा मीटरचा उंचवटा, लगेच उतार, तळाशी पाण्याचा तुकडा किंवा दलदल, की पुन्हा उंचवटा. माथा समोरच दिसत असतो, म्हणून आपण गिअर न बदलता जोर लावून वर जातो. असे शेकडो उंचवटे झाले की पाय जातात, आणि कुठल्या चढाने गेले ते सांगता येत नाही. म्हणून उंचवटा सुरू व्हायच्या आधीच एक-दोन गिअर हलके कर. पेडलची लय मिनिटाला ऐंशी-नव्वदच्या आसपास राहू दे, मग वेग कितीही पडो. उतारावर पाय थांबवू नकोस, हलके फिरवत राहा. बीआरएममध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्यांमध्ये, तुला सरासरी वेगाकडे बघायची सवय लागली आहे, ती इथे पहिला महिनाभर तरी बाजूला ठेव. श्वासाकडे लक्ष दे.

आता खरं सांगायचं ते. इथली जमीन बर्फाने घडवली आहे, आणि ती वाचायला शिकलीस तर रस्ता पुढे काय करणार आहे ते तुला आधीच कळेल. तू राहतेस ते गावच अशा एका कण्यावर वसलं आहे. सुमारे १२,००० वर्षांपूर्वी मागे सरकणारी हिमचादर हवामान पुन्हा थंडावल्यामुळे इथे शेकडो वर्षं अडखळली. तिच्या कडेशी वितळत्या पाण्याने वाळू आणि गोटे आणून टाकले, त्याची लांबच लांब रांग तयार झाली. ती सालपाउससेल्का. लाहतीपासून लापेनरांता, इमात्रा करत ती ईशान्येकडे जाते. तिच्या उत्तरेला सायमा अडलं आहे, जवळपास १४ हजार बेटांचं सरोवर. पुढे बर्फाचं ओझं उतरल्यामुळे जमीन वर येऊ लागली, वायव्येकडे जास्त वेगाने, आणि सायमाचं पाणी आग्नेयेकडे कलत गेलं. सुमारे ६,००० वर्षांपूर्वी ते इमात्राजवळ ही रांग फोडून बाहेर पडलं. तीच वुओक्सी नदी. इमात्राच्या धबधब्यावर आता वीजकेंद्र आहे. उन्हाळ्यात ठरलेल्या वेळी दरवाजे उघडून कोरड्या दरीत पाणी सोडतात. वेळ बघून जा आणि पुलावर उभी राहा. पाणी खडकांवर आदळायला लागलं की तो एवढा मोठा तलाव या एका फटीतून रिकामा होतोय, हे अंगावर येतं.

सायकलस्वाराला याचा उपयोग असा. हिमचादर इथे साधारण वायव्येकडून आग्नेयेकडे सरकली. सायमाच्या बऱ्याच भागांत सरोवरांचे लांबट हात, द्वीपकल्पं आणि मधल्या टेकड्याही त्याच दिशेने पसरल्या आहेत. त्या दिशेने जाणारा रस्ता टेकडीच्या अंगाअंगाने जातो आणि पायांना सुख देतो. ईशान्य-नैऋत्य जाणारा रस्ता प्रत्येक टेकडी ओलांडतो. दोन्हीकडे अंतर तेवढंच असलं तरी दमणूक सारखी नसते. मार्ग आखताना आधी सरोवरांचे हात कुठे वळलेत ते बघ, आणि आडवा भाग दिवसाच्या पहिल्या अर्ध्यात ठेव. थेट अंतरावर तर अजिबात जाऊ नकोस. समोरच्या काठावरचं घर डोळ्यांना दिसतं, तिथे पोहोचायला वीस किलोमीटरचा वळसा पडू शकतो. काही ठिकाणी पिवळी फेरीबोट असते, सरकारी रस्त्याचाच भाग, भाडं नाही. पण तिची वेळ आणि हंगाम आधी तपासून घे.

झाडंही वाच. पाइनचे सरळ, वरच्या बाजूला नारिंगी साल असलेले बुंधे आणि खाली जमिनीवर पांढुरकं दगडफूल दिसलं की तू वाळूवर आहेस. तिथे पाऊस पडून गेला तरी डांबर लवकर वाळतं, पण कडेला सुटी वाळू असते, वळणावर बाहेर जाऊ नकोस. स्प्रूसची काळपट, सुईसारख्या पानांची झाडं दाटीवाटीने आली की जमीन ओली, सावली जड, आणि हवा अचानक गारठते. जूनमध्येही अशा खोलगटात सकाळी दातावर दात वाजतात. पातळ वारारोधक जाकीट मागच्या खिशात असू दे, आणि ते उतार सुरू व्हायच्या आधी घाल, कारण थंडी उतारावर लागते, चढताना घामच येतो. जंगलातले कच्चे रस्ते खूप आहेत आणि बऱ्याच वेळा तेच सुंदर असतात. पंचवीस मिलिमीटरचे टायर काढून बत्तीसचे लाव, हवा थोडी कमी ठेव.

रहदारीबद्दल थोडक्यात. गाड्या उजव्या बाजूने चालतात हे तुला ठाऊकच आहे, पण दमलेल्या मेंदूला चौकात जुनी सवय आठवते. डावीकडे वळताना दर वेळी खांद्यावरून मागे बघ. सहा क्रमांकाचा महामार्ग टाळ, शेजारून जुने रस्ते आणि सायकलमार्ग इमात्रापर्यंत जातात. तिथून पुमालाकडे जाणाऱ्या बासष्ट क्रमांकाच्या रस्त्यावर लाकडाचे ट्रक येतात. ते सहसा भरपूर अंतर सोडतात, पण शेजारून जाताना हवेचा जो झोत येतो त्याने सायकल आधी बाहेर ढकलली जाते आणि मग आत ओढली जाते. हँडल खालून घट्ट धर, कोपर सैल ठेव. कानात काही घालू नकोस. पहाटे आणि सांजवेळी मूस, म्हणजे इथली भलीमोठी हरणं, रस्त्यावर येतात. एक दिसला की थांब, मागे पिल्लू असू शकतं.

पुमालाला पोहोचलीस की बंदरावर थांब. तिथला १९९५ चा पूल ७८१ मीटर लांब आणि पाण्यापासून इतका उंच आहे की किनाऱ्यावरून वर जायला लिफ्ट आहे. सायकल घेऊन त्यात शिरायचं, दार उघडलं की तू थेट पुलावर, आणि खाली दोन्हीकडे बेटं. बंदरावर कार्यालानपीराक्का मिळाली तर खा: राईच्या पातळ पारीत दुधात शिजवलेला भात, वर उकडलेलं अंडं कुस्करलेलं लोणी. लांब फेरीत याच्याइतकं पोटाला धरणारं आणि न बाधणारं मला दुसरं काही सापडलेलं नाही. गोड जेलच्या पाकिटांपेक्षा दोन पिशवीत टाक. जंगलात दुकान चाळीस-पन्नास किलोमीटर भेटत नाही, आणि युहान्नुसच्या, म्हणजे जूनमधल्या मध्य-उन्हाळ्याच्या सुट्टीत बरीच बंद असतात. दोन बाटल्या भरून निघ.

पुंकाहार्यूला मात्र घाईने जाऊ नकोस. बर्फाखालच्या नदीने टाकलेल्या वाळूचा तो सात किलोमीटरचा बांध आहे. एका अंगाला पुरुवेसी, दुसऱ्याला पिहलायावेसी, आणि काही ठिकाणी मधल्या जमिनीवर जेमतेम रस्ता मावतो. मोठा चौदा क्रमांकाचा रस्ता सोडून जुना माथ्यावरचा रस्ता धर. अरुंद आहे, वळत जातो, दोन्ही बाजूंच्या पाइनमधून पाणी लुकलुकत राहतं. पुरुवेसीचं पाणी इतकं नितळ आहे की काठावरून तळाचे गोटे मोजावेत. त्यात उतर, पोहून घे. फिनलंडमध्ये कुणाच्याही जंगलातून चालायला, सायकल न्यायला, ब्लूबेरी तोडायला मोकळीक आहे. फक्त घराच्या अंगणापासून लांब राहायचं, आणि जमीनमालकाच्या परवानगीशिवाय आग पेटवायची नाही. हा हक्क त्या लोकांनी पिढ्यानपिढ्या विश्वासाने जपला आहे, आपणही तसाच वापरायचा. गवतात बसून उठलीस की गुडघ्यामागे आणि मोज्यांच्या कडेला गोचीड आहे का बघ. डासांचं औषध लागेलच.

पहिल्या वेळी जाऊन-येऊन एका दिवसात करायचं मनात आणू नकोस. जूनमध्ये रात्री साडेदहानंतरही उजेड असतो आणि त्यामुळे दिवस संपतच नाही असं वाटतं, पण पाय संपतात. एकीकडून रेल्वेने जा. लांब पल्ल्याच्या गाडीत सायकलची जागा आधी आरक्षित करावी लागते.

मार्ग आखून झाला की फाइल मला पाठव. इमात्रा ते पुमाला या भागात पाणी आणि खाणं कुठे मिळेल ते बघून मी खुणा करून परत देतो. आणि मागच्या चाकाचा आरा सैल वाटतो म्हणालीस, तो आधी दुकानात दाखव.

तुझा,
काका