मरमर, मरवर आणि लिफ्टसमोरचा हिरवा दगड

घोडबंदर रोडचे एक वाचक विचारतात: ‘सोसायटीत लिफ्टसमोर हिरवी लादी बसवतायत. नोटिशीत “हिरवा संगमरवरी दगड” असं लिहिलंय. सेक्रेटरी म्हणतात, शुद्ध शब्द संगमरमर. बरोबर कोण?’

कोणीच नाही. फारसीत ‘संग’ म्हणजेच दगड. तेव्हा संगमरवरी दगड म्हणजे गाईचं गोमूत्र. रोज ऐकतो, रोज चिडतो. (शंखजिऱ्यातला शंखही हा संगच बरं का. संग-ए-जराहत, म्हणजे जखमेवरचा दगड. ना शंख, ना जिरं!)

सेक्रेटरींना सांगा, फारसीत मरमर आहे हे खरं. पण तेवढ्यावर मरवर अशुद्ध होत असेल, तर उद्यापासून जावयाला जामात म्हणा. म चा व करणं ही मराठी जिभेची जुनी खोड. कोमलचं कोवळं, श्यामलचं सावळं, आमलकाचा आवळा. यावर आमचे एक अभ्यासक मित्र दरवेळी ऐकवतात, ‘ते प्राकृतातलं झालं, फारसी शब्द कित्येक शतकांनी आला, तो नियम इथे लागत नाही.’ ठीक. मग फ्रेंचांना कुठलं प्राकृत लागलं होतं? लॅटिन ‘मार्मोर’चं त्यांनी ‘मार्ब्र’ केलं. नेमका दुसराच म बदलला! त्यांनी ब केला, आपण व. इंग्रजांनी पुढे शेवटच्या र चा ल केला आणि झालं मार्बल. एका शब्दात दोन म, दोन र. जीभ कुठेतरी पाय सोडवून घेणारच. मित्रांनी अजून उत्तर दिलेलं नाही. तेव्हा लादीच्या दुकानावरचं ‘मार्बल’ आणि आपलं ‘मरवर’ हे चुलत भाऊ. दोघांचा आजा ग्रीक ‘मार्मारोस’.

हां, हिरवी लादी. उदयपूर जिल्ह्यातल्या ऋषभदेवची असेल, तर ती सर्पेंटाइनची. सापाच्या कातडीसारख्या चट्ट्यांवरून हे नाव. संगमरवर होतो चुनखडकाचा; हा मात्र मुळात अग्निजन्य खडक, पाणी मुरून खनिजंच बदललेला. भूशास्त्रज्ञ त्याला संगमरवर म्हणू देणार नाहीत. पण होमरच्या ग्रीकमध्ये मार्मारोस म्हणजे नुसता धोंडा, चुन्याची अट नाही. त्यामुळे ‘हिरवा संगमरवर’वर मी तरी भांडणार नाही.

नोटिशीतला ‘दगड’ तेवढा खोडायला लावा.