अमेरिकन फुटबॉलच्या एकाच हंगामात कॉलेज आणि व्यावसायिक असे दोन्ही विजेते अपराजित राहिले आहेत का?
होय, १९७२ च्या हंगामात असे घडले. कॉलेज संघांमध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने बाराही सामने जिंकले. रोझ बोल या हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यात त्यांनी ओहायो स्टेटला ४२-१७ असे नमवले. व्यावसायिक लीगमध्ये मायामी डॉल्फिन्सने सतराही सामने जिंकले आणि मला हे यश अधिक मोलाचे वाटते, कारण पाचव्या सामन्यात क्वार्टरबॅक (आक्रमणाचे नेतृत्व करून चेंडू फेकणारा खेळाडू) बॉब ग्रीसी जायबंदी झाल्यावर अडतीस वर्षांच्या अर्ल मोरालने संघाची धुरा समर्थपणे सांभाळली. सुपर बोल या व्यावसायिक लीगच्या अंतिम सामन्यात वॉशिंग्टनविरुद्ध मायामी १४-० ने पुढे असताना त्यांचा किकर गारो येप्रेमियनची किक अडवली गेली. त्याने चेंडू उचलून फेकू पाहिला, तो हातातून निसटला आणि वॉशिंग्टनच्या माइक बासने ४९ यार्ड धावत टचडाउन केला, म्हणजे चेंडू मायामीच्या गोलक्षेत्रात नेला. अखेर मायामीने १४-७ असा विजय मिळवला.