व्हिडिओ कॉलवर बाळ ‘सुकलेलं’ दिसतं तेव्हा

इंग्लंडमधल्या लीड्सहून एका आईने विचारलंय: मुलगी आठ महिन्यांची, वजन पावणेसात किलो. हेल्थ व्हिजिटर (बाळाची वाढ पाहणारी तिथली सरकारी नर्स) म्हणते, छान चाललंय. सांगलीहून सासूबाई रोज म्हणतात, पोर अंगाला लागत नाही, दूध पुरत नसेल. कुणाचं ऐकू?

रेड बुक, म्हणजे तिकडे बाळाच्या आरोग्याची नोंदवही मिळते ती, उघडा आणि त्यातला वजनाचा तक्ता पाहा. जन्माचं वजन 2.7 किलो होतं म्हणता, म्हणजे ती 9व्या रेषेच्या (शंभरातली साधारण नऊ बाळं या रेषेखाली असतात) आसपास जन्मली आणि आजही तिथेच आहे. आपली रेष धरून वाढणारं बाळ बारीक असलं तरी सुदृढ असू शकतं. ‘हे तक्ते गोऱ्या मुलांचे’ असं आपल्याकडे फार ऐकू येतं, पण ते खरं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 साली हे तक्ते आणले, ते सहा देशांतली बाळं मोजून, आणि त्यात दिल्लीचीही होती. सासूबाईंना त्या पानाचा फोटो पाठवा, रेष कशी वाचायची ते समजावून सांगा. त्यांची काळजी खोटी नाही, पण कॉलवर बाळसं मोजता येत नाही. आणि दर आठवड्याला वजन करू नका. या वयात दोन महिन्यांतून एकदा पुरे.

मला काळजी वाटली ती तुमच्या पत्रातल्या दुसऱ्याच ओळीची: ‘दुपारी वाटीभर वरणाचं पाणी देते.’ त्या पाण्याने इवलंसं पोट भरतं, अंगी काही लागत नाही. सहा महिन्यांनंतर नुसत्या दुधातून लोहही पुरेसं मिळत नाही. मुगाची डाळ आणि तांदूळ मऊ शिजवा, पाणी न वाढवता कुस्करा, वर चमचाभर तूप घाला. चमचा तिरका केला तरी घास ओघळता कामा नये. अंडं, मसूर, चालत असेल तर खिमाही द्या. मीठ-साखर नको. आणि वर्षाच्या आत मध अजिबात चाटवू नका, गुटीतूनही नाही; त्यातून बोट्युलिझमसारखा जिवावरचा आजार होऊ शकतो. अंगावरचं दूध चालूच ठेवा, सोबत ड जीवनसत्त्वाचे थेंबही.

तोंड फिरवलं की थांबा. मोबाइलवर गाणी लावून तोंडात घास कोंबलात तर बाळ जेवणालाच घाबरेल.

वजन 2ऱ्या रेषेखाली गेलं किंवा आपल्या रेषेवरून ठळक घसरलं, तर मात्र पुढच्या तपासणीची वाट न पाहता जीपीला, म्हणजे तुमच्या फॅमिली डॉक्टरला, दाखवा. बाळ मलूल पडलं, दूध ओढेना, लंगोट नेहमीपेक्षा फार कमी ओले होऊ लागले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रात्र असेल तर 111 या तिथल्या आरोग्य हेल्पलाइनला फोन करा.