एमसीबी पडतो म्हणून मोठा बसवावा का?

प्रश्न : आमची सदनिका सुमारे ३५ वर्षे जुनी आहे. शयनगृहात यंदा दीड टनाचा एसी बसवला. लगतच्या स्नानगृहातील २ किलोवॉटचा गीझर ज्या वायरवर आहे, तिच्यावरच वायरमनने एसीचे सॉकेट जोडले. गीझर चालू असताना एसी लावला की १६ अँपिअरचा एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप वीज तोडणारा खटका) कधीकधी पडतो. ‘३२चा टाकून देतो, मग पडायचा नाही,’ असे वायरमन म्हणतो. तसे करावे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : करू नये. ३२चा एमसीबी पडणार नाही हे वायरमनचे म्हणणे खरे आहे, आणि धोका नेमका त्यातच आहे. एमसीबी बसवतात तो भिंतीतून गेलेली वायर तापू नये म्हणून. गीझर किंवा एसी सांभाळणे हे त्याचे मुख्य काम नव्हे.

तुमचा गीझर २३० व्होल्टला साधारण ८.७ अँपिअर घेतो आणि एसी सात-आठ. ही बेरीज सोळाच्या आसपास जाते आणि एवढ्यावर एमसीबी सहसा लगेच पडत नाही. मात्र एसी इन्व्हर्टर प्रकारचा नसेल, तर त्याचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढतो, आणि त्यात गीझरचा भर पडला की एमसीबी पडतो. तुमच्या ‘कधीकधी’चे कारण बहुधा हेच असावे.

जुन्या घरांत अशा पॉइंटला बहुधा २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर असते आणि भिंतीतल्या पाइपात तिच्यावर सतत २० अँपिअरच्या फार पुढे जाऊ नये. ३२चा एमसीबी मात्र ३२ अँपिअर खुशाल वाहू देईल. वायरमधील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती २० अँपिअरच्या तुलनेत अडीचपटीहून अधिक होते, आणि नेहमीचे पीव्हीसी आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंतच टिकण्यासाठी केलेले असते. आज १७च अँपिअर वाहतात, मग बिघडले कुठे, असे वायरमन विचारील. पण उद्या त्याच सॉकेटवर इस्त्री किंवा हीटर लागणार नाही याची हमी कोण देणार?

एसीसाठी डीबीपासून (घरातले एमसीबी असतात त्या पेटीपासून) स्वतंत्र लाइन ओढून घ्यावी : ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची फेज आणि न्यूट्रल, सोबत अर्थिंगची वायर, मध्ये कुठेही जोड नाही, आणि २० अँपिअरचा ‘सी’ प्रकारचा एमसीबी, जो सुरुवातीचा क्षणिक झटका सोसतो. गीझर आहे त्याच वायरवर, १६च्या एमसीबीवर राहू द्यावा. मात्र त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच वीज तोडणारा खटका) नसेल तर तो अवश्य बसवावा, कारण गळतीच्या प्रवाहाचा धक्का एमसीबीला कळत नाही. अर्थिंग केवळ सॉकेटच्या पिनेपर्यंत नाही ना, हेही मोजून पाहायला सांगावे.

काम परवानाधारक ठेकेदाराकडून करून घ्यावे आणि त्याआधी वीजबिलावरील मंजूर भार व मीटरपासून घरापर्यंतची केबल तपासून घ्यावी. तोवर गीझर आणि एसी एकत्र चालवू नयेत. सॉकेट किंवा प्लग हाताला गरम लागला, तर डीबीतून ती लाइन लगेच बंद करावी.