कंपनीचा मेडिक्लेम असताना वरून अजून पॉलिसी घ्यावी का?

प्रश्न: ताई, मी भुसावळला नोकरीला, कंपनीचा ३ लाखांचा मेडिक्लेम आहे, त्यात आईवडील पण आहेत. वडिलांना शुगर. एजंट टॉप-अप (ठरावीक रकमेच्या वरचं बिल भरणारी पॉलिसी) घ्या म्हणतो, पण यंदा केळीला भाव नाही, हप्ता परवडेल का?

उत्तर: भाऊ, घ्या, पण साधा टॉप-अप नको, सुपर टॉप-अप घ्या. समजा ३ लाखांच्या वरचा घेतला आणि वडील वर्षात दोनदा अॅडमिट झाले, दोन्ही वेळा बिल २ लाख, तर साधा टॉप-अप एक रुपया देत नाही कारण एकटं कुठलंच बिल ३ लाखांवर गेलं नाही, सुपरमध्ये बेरीज धरतात म्हणून वरचा १ लाख मिळतो. नव्या मोठ्या पॉलिसीपेक्षा हप्ताही बराच कमी, आणि सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवर जीएसटी नाही.

शुगर फॉर्मवर लिहाच, एजंट राहू द्या म्हटला तरी! माझ्या काकांचा क्लेम ह्याच एका रिकाम्या चौकटीवरून अडकला होता, अजून जीव तुटतो. पॉलिसीआधीच्या आजाराचा क्लेम मिळायला जास्तीत जास्त ३ वर्षं थांबावं लागतं, म्हणून उशीर नको. नोकरी सुटली की कंपनीचं कव्हर सहसा जातं, मग पहिले ३ लाख तुमच्याच खिशातून. महात्मा फुले योजनेत ५ लाखांपर्यंत मोफत उपचार आहेत, पण यादीतल्याच दवाखान्यात, यादीतल्याच आजारांना, तेव्हा जळगावचे कुठले दवाखाने त्यात आहेत ते आधी बघून ठेवा.